आळशी डोळा आणि पट्टीचा इतिहास

"डॉक्टर, पट्टी लावली की पोरगी रडते. चांगला डोळाच का झाकायचा?" हा प्रश्न बरेच आईवडील विचारतात. उत्तर इतिहासात आहे.

१७४३ मध्ये फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्युफाँ यांनी तिरळेपणात चांगला डोळा झाकून अधू डोळ्याला कामाला लावावे, असे सुचवले. यामागचे कारण कळायला मात्र दोन शतके गेली. १९६० च्या दशकात ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा काही काळ बंद ठेवला. नंतर तो उघडला, तरी मेंदूने त्याच्या संदेशांकडे पाठ फिरवली होती. मोठ्या मांजरांत तसे झाले नाही. म्हणजे मेंदू पाहायला शिकतो तो लहानपणीच. या दोघांना १९८१ चे नोबेल मिळाले.

पूर्वी अनेक मुलांना दिवसभर पट्टी लावावी लागे. २००३ मधील एका अमेरिकी अभ्यासात, सात वर्षांखालील मुलांच्या मध्यम दोषात रोजचे दोन तास सहा तासांइतकेच उपयोगी ठरले.

म्हणून मूल रडले तरी पट्टी स्वतःहून बंद करू नका. किती तास लावायची, हे नेत्रतज्ज्ञांना विचारा. तेवढा वेळ शेजारी बसून चित्रे रंगवा. रडणे थांबेल, निसटलेले वय मात्र परत येत नाही.