स्कँडिनेव्हियन भाषाविद्या आणि महाराष्ट्र

स्कँडिनेव्हियन भाषाविद्या : डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश, आइसलँडिक व फेअरोईज या उत्तर यूरोपीय भाषा, त्यांतील प्राचीन व अर्वाचीन वाङ्मय आणि त्या भाषिक समाजांची संस्कृती यांच्या अभ्यासाला ही संज्ञा लावण्यात येते. या पाचही भाषा इंडो-यूरोपीय कुलाच्या जर्मानिक शाखेतील उत्तरेकडच्या गटात मोडतात आणि प्राचीन नॉर्स या समान पूर्वरूपापासून निघालेल्या आहेत. ‘नॉर्डिक’ ही संज्ञा याहून व्यापक असून तीत फिनलंडचाही अंतर्भाव होतो. मात्र फिनिश भाषा इंडो-यूरोपीय नव्हे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत या विद्येचा स्वतंत्र विभाग निर्माण झाला नाही. तरीही तिच्या परंपरेत वाढलेल्या विद्वानांनी मुंबईत अवेस्ता भाषेचा अभ्यास केला, मराठीच्या बोलींचे वर्गीकरण केले आणि भंडारा जिल्ह्यातील तुमसरसारख्या सीमावर्ती भागांत बोलल्या जाणाऱ्या भाषांचीही शास्त्रीय नोंद घेतली. या दृष्टीने महाराष्ट्राच्या भाषिक इतिहासाशी या विद्येचा निकटचा संबंध आहे.

विद्यापीठीय अभ्यासाचा उगम : उत्तर यूरोपातील अप्साला (१४७७) व कोपनहेगन (१४७९) ही विद्यापीठे मध्ययुगाच्या अखेरीस स्थापन झाली. त्यांत प्रारंभी लॅटिन भाषेचेच प्राबल्य होते. स्वभाषेतील प्राचीन वाङ्मयाकडे विद्वानांचे लक्ष वळले, ते मुख्यत्वे आइसलँडमधील हस्तलिखितांमुळे. तेराव्या शतकात त्या बेटावर स्नॉरी स्टुर्लुसॉन (११७९–१२४१) याने ‘एडा’ हा गद्य ग्रंथ रचला. राजांची व शेतकरी कुळांची चरित्रेही लोकभाषेत लिहिली गेली. आर्नी माग्नूसॉन (१६६३–१७३०) याने ही हस्तलिखिते जमवून कोपनहेगनला नेली. १७२८ च्या आगीतून त्यांतील बराच भाग बचावला व १९७१ ते १९९७ या काळात त्यांपैकी अनेक हस्तलिखिते आइसलँडला परत करण्यात आली.

मराठी वाचकाला या घटनाक्रमातील एक साम्य लक्षणीय वाटेल. त्याच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात विदर्भातील रिद्धपूर येथे महानुभाव पंथीयांनी लीळाचरित्र मराठी गद्यात सिद्ध केले. दोन्हीकडे विद्वानांची प्रतिष्ठित भाषा वेगळी होती. दोन्हीकडे व्यक्तींच्या आठवणी व संभाषणे लोकभाषेत नोंदविली गेली. महानुभाव वाङ्मय मात्र सांकेतिक लिप्यांमुळे शतकानुशतके पंथाबाहेर अज्ञात राहिले आणि विसाव्या शतकातच ते विद्वानांच्या हाती आले. नागपूरचे वि. भि. कोलते यांनी संपादिलेले लीळाचरित्र १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. कोपनहेगन विद्यापीठात नॉर्डिक भाषांचे पहिले अध्यासन त्यापूर्वी १३३ वर्षे, म्हणजे १८४५ मध्ये, निर्माण झाले होते. प्राचीन ग्रंथ असणे आणि त्यांच्या अभ्यासाला संस्थेचा आधार लाभणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तुलनेवरून दिसून येते.

तौलनिक भाषाशास्त्र व संस्कृत : डॅनिश भाषापंडित रास्मुस रस्क (१७८७–१८३२) हा या विद्येचा आद्य प्रवर्तक होय. १८११ मध्ये त्याचे प्राचीन आइसलँडिकचे व्याकरण प्रसिद्ध झाले आणि १८१८ मध्ये प्राचीन नॉर्स भाषेच्या उगमाविषयीचा त्याचा प्रबंध. जर्मानिक भाषांतील व्यंजने आणि ग्रीक-लॅटिनमधील व्यंजने यांच्यात नियमित संवाद आहे, हे त्याने या प्रबंधात दाखवून दिले. हा प्रबंध सिद्ध करताना त्याने संस्कृतचा आधार घेतलेला नव्हता. पुढे संस्कृतची जोड मिळाल्यावर हा नियम अधिक स्पष्ट झाला : संस्कृत ‘पाद’ व आइसलँडिक ‘फोतुर’, ‘त्रि’ व ‘थ्रीर’, ‘दश’ व ‘तीउ’ या जोड्यांत प, त आणि द यांच्या जागी अनुक्रमे फ, थ आणि त आढळतात.

या नियमाला काही अपवाद होते. संस्कृतात ‘भ्रातृ’ व ‘पितृ’ या दोन्ही शब्दांत ‘त’ आहे. परंतु गॉथिकमध्ये पहिल्या शब्दात ‘थ’ व दुसऱ्यात ‘द’ आढळतो. कार्ल व्हेर्नर (१८४६–९६) या डॅनिश विद्वानाने याचे कारण वैदिक स्वरांत शोधले. वैदिक भाषेत ‘भ्रातृ’ शब्दाचा उदात्त स्वर पहिल्या अक्षरावर, तर ‘पितृ’ शब्दाचा दुसऱ्या अक्षरावर येतो. मूळ स्वर व्यंजनाच्या आधीच्या अक्षरावर नसेल, तेथे जर्मानिक व्यंजन घोष झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. १८७७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ‘व्हेर्नरचा नियम’ म्हणजे वेदपाठाच्या मौखिक परंपरेने जपलेल्या स्वरांचा उत्तर यूरोपीय भाषांच्या इतिहासाला झालेला उपयोग होय. योगायोगाने त्याच वर्षी रा. गो. भांडारकर यांनी मुंबई विद्यापीठात विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने दिली आणि महाराष्ट्रात आधुनिक भाषाशास्त्राच्या अध्ययनाला पाया मिळाला.

मुंबईशी संबंध : रस्क १८१६ मध्ये स्वदेशातून निघाला आणि रशिया व इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईस पोहोचला. तेथील पारशी धर्मगुरूंच्या सहवासात त्याने अवेस्ता व पेहलवी या भाषांचा अभ्यास केला व हस्तलिखिते मिळविली. अवेस्ताची भाषा ही संस्कृतचे भ्रष्ट रूप नसून तिच्याशी निकटचे नाते असलेली स्वतंत्र व प्राचीन भाषा आहे, हे मत त्याने १८२६ च्या आपल्या ग्रंथात मांडले. मुंबईहून तो पुढे भारताच्या इतर भागांत व श्रीलंकेत गेला आणि १८२३ मध्ये कोपनहेगनला परतला. त्याने नेलेल्या अवेस्ता, पेहलवी व पाली हस्तलिखितांमुळे ते शहर भारतविद्येचे एक केंद्र बनले. नील्स लुद्व्हिग वेस्टरगार्ड (१८१५–७८) यानेही १८४१–४४ या काळात भारत व इराणचा प्रवास केला. पुढे कोपनहेगन येथे तो भारतीय भाषांचा प्राध्यापक झाला व अवेस्ताची चिकित्सक आवृत्ती त्याने सिद्ध केली. व्हिन्सेंट फाउसबोल (१८२१–१९०८) याने १८५५ मध्ये ‘धम्मपद’ संपादिले.

मराठी मुद्रणाच्या इतिहासातही डॅनिश सत्तेचा अप्रत्यक्ष वाटा आहे. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण (१८०५) व मराठी-इंग्रजी कोश (१८१०) बंगालमधील श्रीरामपूर येथे छापले गेले. हे गाव डेन्मार्कची वसाहत होते. ईस्ट इंडिया कंपनीचा मिशनऱ्यांना विरोध असल्याने त्यांनी या डॅनिश वसाहतीचा आश्रय घेतला होता.

स्टेन कोनो व मराठी बोली : मराठीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कार्य नॉर्वेजियन भारतविद् स्टेन कोनो (१८६७–१९४८) यांचे होय. क्रिस्तियानिया (आताचे ऑस्लो) व हाल या विद्यापीठांत त्यांचे शिक्षण झाले. राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ या प्राकृत सट्टकाची त्यांनी संपादिलेली आवृत्ती १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणात साहाय्यक म्हणून त्यांनी अनेक खंडांची सिद्धता केली. त्यांपैकी सातवा खंड (१९०५) सर्वस्वी मराठीला वाहिलेला आहे. मुंडा व द्राविडी भाषांच्या चौथ्या खंडात (१९०६) विदर्भातील गोंडी, कोलामी व कोरकू यांचे विवेचन आहे. १९०६ ते १९०८ या काळात ते भारत सरकारचे पुराभिलेखवेत्ते होते; पुढे क्रिस्तियानिया व हॅम्बुर्ग येथे त्यांनी प्राध्यापकपद भूषविले.

मराठीच्या उगमाविषयी त्या काळी मतभेद होते. महाराष्ट्री प्राकृत ही केवळ कवींची कृत्रिम भाषा असून महाराष्ट्राशी तिचा वास्तविक संबंध नाही, असे काही पंडितांचे म्हणणे होते. कोनो यांनी ध्वनी व रूपे यांच्या तुलनेने हे मत खोडून काढले आणि मराठी ही महाराष्ट्रीच्याच परंपरेतील भाषा आहे, असे प्रतिपादन केले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या मागणीच्या मुळाशी जी महाराष्ट्री-मराठी सातत्याची भूमिका होती, तिला भाषाशास्त्रीय आधार देणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत कोनो यांची गणना करावी लागते. कोकणी ही मराठीची बोली होय, हे त्यांचे मत मात्र पुढे मान्य झाले नाही. सु. मं. कत्रे यांनी कोकणीचा स्वतंत्र भाषा म्हणून अभ्यास केला आणि १९९२ मध्ये तिचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला.

भंडारा जिल्ह्याचे उदाहरण : सर्वेक्षणाच्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रांतात होता, १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्याच्या उत्तरेकडील तुमसर हे भाताच्या बाजारपेठेचे गाव असून चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील मँगॅनीजच्या खाणी त्याच परिसरात आहेत. पलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा लागतो. अशा सीमावर्ती भागात मराठीची झाडीबोली, पोवारी, गोंडी व हिंदी या भाषा एकमेकींच्या शेजारी नांदतात. झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ‘ण’ चा ‘न’ होतो व ‘ळ’ च्या जागी पुष्कळदा ‘र’ येतो. ‘डोळा’ हा शब्द ‘डोरा’ असा उच्चारला जातो. कोनो यांनी वऱ्हाड व मध्य प्रांतातील मराठीचा एक गट कल्पून त्यात वऱ्हाडी व नागपुरी यांचे एकत्र विवेचन केले आणि हळबीचाही मराठीच्या खंडात समावेश केला.

या नोंदींच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. सर्वेक्षणाची मुख्य पद्धत म्हणजे बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दाखल्याचे प्रत्येक बोलीत भाषांतर करवून घेणे. हे नमुने जिल्ह्यांतील अधिकाऱ्यांमार्फत लिखित स्वरूपात येत आणि बोलणाऱ्यांची संख्या १८९१ च्या जनगणनेवरून घेतली जाई. लिहून पाठविणारा मनुष्य शिक्षित असल्याने प्रमाण मराठीची छाया नमुन्यावर पडणे स्वाभाविक होते. शेती, जंगल, मासेमारी वा घरगुती व्यवहार यांतील शब्दसंपदा तर त्या एका कथेत येणेच शक्य नव्हते.

खुद्द नॉर्वेमध्ये याहून वेगळी पद्धत रूढ झाली होती. १८१४ पर्यंत तो देश डेन्मार्कशी संयुक्त असल्याने तेथील लेखनभाषा डॅनिश होती. ईव्हार ऑसेन (१८१३–९६) या शेतकरीपुत्राने १८४२ पासून काही वर्षे खेडोपाडी फिरून बोली ऐकल्या, त्यांचे व्याकरण (१८४८) व कोश (१८५०) तयार केला आणि त्यांतून एक नवी लेखनभाषा घडविली. १८८५ मध्ये नॉर्वेच्या संसदेने तिला डॅनिश परंपरेतील भाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. बूकमोल व नीनॉर्स्क ही या दोन लेखनभाषांची नावे १९२९ पासून अधिकृत आहेत. बोली ही प्रमाण भाषेची विकृती नसून तिला स्वतःचे व्याकरण असते, हे तत्त्व तेथे शालेय व्यवहारापर्यंत पोहोचले. झाडीबोलीच्या बाबतीत असे क्षेत्रीय संकलन पुष्कळ नंतर, साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या स्थानिक अभ्यासकांच्या प्रयत्नांनी झाले. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राविषयीचा खंड २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठी बोलींचे ध्वनिमुद्रणासह सर्वेक्षणही हाती घेतले.

नाट्यवाङ्मय : नॉर्डिक संस्कृतीचा मराठीशी दुसरा संबंध रंगभूमीद्वारे आला. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने १९३३ मध्ये सादर केलेले श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक ब्यर्न्सन (१८३२–१९१०) या नॉर्वेजियन लेखकाच्या १८८३ मधील नाटकावर आधारलेले होते. पुरुष व स्त्री यांना नीतीचे एकच माप लावावे, हा त्या नाटकातील प्रश्न मराठी मध्यमवर्गाला जवळचा वाटला. इब्सेनच्या (१८२८–१९०६) ‘डॉल्स हाउस’ (१८७९) या नाटकाचे अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ (१९४१) हे रूपांतर केले, प्र. के. अत्रे यांचे ‘घराबाहेर’ (१९३४) व मो. ग. रांगणेकर यांचे ‘कुलवधू’ (१९४२) यांवरही त्याचा परिणाम दिसतो. मात्र हे वाङ्मय मराठीत इंग्रजी भाषांतरांच्या द्वारेच आले. त्यामुळे इब्सेनच्या संवादांतील डॅनिश-नॉर्वेजियन भाषेची घडण व तत्कालीन भाषावादाची पार्श्वभूमी मराठी समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिली.

अध्ययनाची सद्यःस्थिती व उपयुक्तता : महाराष्ट्रातील विद्यापीठांत जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी इ. भाषांच्या अध्यापनाची परंपरा आहे. स्कँडिनेव्हियन भाषांना असे स्थान लाभले नाही. वास्तविक मराठी भाषकाला या भाषांत काही ओळखीच्या खुणा आढळतात. मराठीप्रमाणेच आइसलँडिक व नीनॉर्स्कमध्ये तीन लिंगे आहेत; डॅनिश व स्वीडिशमध्ये ती दोनच उरली आहेत. मराठीत ‘घर’ या नामाच्या शेवटी प्रत्यय लागून ‘घरात’ होते, त्याप्रमाणे डॅनिशमध्ये निश्चितार्थक उपपद नामाच्या शेवटी जोडले जाते : ‘हूस’ म्हणजे घर व ‘हूसेत’ म्हणजे ते विशिष्ट घर.

उत्तर यूरोपातील भाषा बोलणाऱ्यांची संख्या अल्प आहे. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे. तरी त्या भाषांत विद्यापीठीय शिक्षण, कोशरचना व हस्तलिखितांचे संपादन अखंड चालू राहिले. कोट्यवधींच्या मराठीला संख्येची उणीव नाही. तिच्या पूर्व सीमेवरील बोलींना मात्र आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका नॉर्वेजियन विद्वानाने कागदावरील नमुन्यांवरून या प्रदेशाच्या भाषांची जी मांडणी केली, तिची प्रत्यक्ष बोलणाऱ्यांच्या तोंडून पडताळणी करणे हे काम त्या बोलींचे जुने भाषक हयात असेतोवरच शक्य आहे. नॉर्वेतील बोलींच्या अभ्यासाचा इतिहास त्यासाठी आधारभूत ठरू शकतो.