भरती, दस्तक आणि घाट : ठाणे-कल्याणचा एक प्रवास, इ.स. १६७५

१/ स्वयंपाकघर, अंथरूण आणि पाण्याची टाकी बरोबर घेऊन निघणारी मोटार आता महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागली आहे. २०२१ साली राज्य शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. अशा सहलीची आखणी करणाऱ्यासमोर तीन प्रश्न असतात : रात्रीचा मुक्काम कोठे, पाणी कोठे आणि परवाना कोणाचा? ठाणे-कल्याणच्या खाडीकाठी हे तिन्ही प्रश्न साडेतीनशे वर्षांपूर्वीही विचारले जात होते. तेव्हा उत्तर चुकले, तर गोष्ट जिवावर बेतत असे.

२/ ‘कॅरव्हॅन’ हा शब्द मुळात फारसी ‘कारवान’. त्याचा अर्थ चाकांवरचे घर असा नव्हता. संरक्षणासाठी एकत्र निघालेला प्रवाशांचा आणि व्यापाऱ्यांचा तांडा म्हणजे कारवान. एकट्याने निघणे धोक्याचे असलेल्या काळातला हा शब्द आहे, आणि या हकिगतीला तोच जुना अर्थ अधिक लागू पडतो.

३/ आधी भूगोल. सह्याद्रीत उगम पावलेली उल्हास नदी कल्याणपाशी खाडीचे रूप घेते आणि ठाण्याच्या उत्तरेस दोन वाटांना जोडली जाते. रुंद वाट घोडबंदरावरून वसईकडे जाते. दुसरी, अरुंद वाट ठाण्यावरून मुंबई बंदराकडे उतरते. या दोन वाटांच्या आणि समुद्राच्या वेढ्यात साष्टी बेट आहे. म्हणून ठाणे हे बेटाचे दार, तर कल्याण हे घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांचे तोंड. मुंबईहून देशावर जाण्याचा एक प्रमुख मार्ग या दोहोंमधून जाई.

४/ या मार्गाचे वेळापत्रक चंद्राच्या हाती होते. ठाण्याजवळ खाडी अरुंद आणि उथळ. भरलेली होडी तेथून न्यायची तर भरती गाठावी लागे. किनाऱ्यावरचा सोपा हिशोब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सुमारे सहा, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. खाडीत आत जावे तशी ही वेळ आणखी पुढे सरकते. उधाण आहे की भांग, हे नाखव्याला ठाऊक नसेल तर होडी चिखलात बसे आणि पुढच्या भरतीपर्यंत तेथेच राही.

५/ एप्रिल १६७५. मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर याच्याकडे जुन्नरच्या मोगल अधिकाऱ्याचे पत्र आले. त्याला युरोपीय वैद्य हवा होता. कंपनीच्या सेवेतील डॉक्टर जॉन फ्रायर याची निवड झाली. पुढे १६९८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्ररूप ग्रंथात या प्रवासाचे वर्णन आहे. सतराव्या शतकातील ठाणे-कल्याण प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या मोजक्या वृत्तांतांपैकी हा एक.

६/ मुंबई ते जुन्नर हे अंतर या वाटेने सुमारे दीडशे किलोमीटर. आज ते एका दिवसात सहज कापता येते. १६७५ मध्ये मात्र तेवढ्याच वाटेवर चार सत्ता होत्या. मुंबई इंग्रजांची, ठाणे पोर्तुगीजांचे, कल्याण मराठ्यांचे आणि जुन्नर मोगलांचे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक होऊन एक वर्षही पुरे झाले नव्हते आणि मराठे-मोगल संघर्ष चालूच होता. एका शत्रूच्या मुलखातून दुसऱ्या शत्रूच्या घरी वैद्य म्हणून जायचे, असा हा बेत होता.

७/ पहिली अडचण ठाण्याची. १६६१ च्या विवाह-तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला मिळाली, तरी साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. ठाणे आणि करंजा येथील नाक्यांवर ते मुंबईच्या होड्यांकडून जकात घेत आणि इंग्रज सतत तक्रारी करीत. बंदर एकाचे आणि बंदराचे दार दुसऱ्याचे, अशी ही स्थिती होती. फ्रायरने पाहिलेले ठाणे चर्चचे, कौलारू घरांचे आणि रेशमी-सुती कापड विणणाऱ्या मागांचे गाव होते. जकातीवर आणि मागावर ते बरे जगत होते.

८/ ठाण्याहून कल्याणपर्यंतचा टप्पाही पाण्यानेच झाला. आजच्या डोंबिवलीच्या पश्चिमेकडील किनारा याच जलमार्गावर येतो. तेथे आता इमारतींच्या रांगा आहेत. तेव्हा खारफुटी, मिठागरे आणि कोळ्या-आगऱ्यांची गावे हेच या खाडीचे चित्र होते. पालखी, सामानसुमान आणि शिधा होडीत चढवून प्रवासी निघत. होडी हेच त्या टप्प्यापुरते घर असे.

९/ कल्याणने फ्रायरला थक्क केले, पण वैभवाने नव्हे. भव्य वास्तूंचे अवशेष आणि त्यांच्या सावलीत दीनवाणी वस्ती, असे दृश्य त्याने नोंदवले आहे. एवढे मोठे गाव कधी काळी किती संपन्न असेल, याचा अंदाज त्याला पडलेल्या भिंतींवरूनच करावा लागला.

१०/ या पडझडीचे कारण त्या शतकाच्या इतिहासात आहे. निजामशाही बुडाल्यावर १६३६ मध्ये हा प्रदेश आदिलशाहीकडे गेला. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. १६६१ मध्ये मोगलांनी कल्याण जिंकले आणि १६७० च्या सुमारास मराठ्यांनी ते परत घेतले. चाळीसेक वर्षांत एवढे सत्ताबदल! फ्रायरने पाहिले ते सीमेवरचे गाव होते. परका प्रवासी अवशेष पाहतो आणि त्या क्षणाच्या राज्यकर्त्याला दोष देऊन पुढे जातो. वाचकाने मात्र तारखा एकापुढे एक मांडून पाहाव्यात.

११/ कल्याणनंतर पाणी संपले आणि खांदे सुरू झाले. वाट मुरबाडच्या बाजूने सह्याद्रीच्या पायथ्याकडे जात होती. वैशाखाचे ऊन, आटलेले ओढे, विरळ आणि दरिद्री वस्ती. वैद्य पालखीत होता. त्याचे ‘चाकांवरचे घर’ म्हणजे भोयांचे खांदे. त्या भोयांची नावे ग्रंथात नाहीत. पण कोणत्या विहिरीला पाणी आहे आणि कोणत्या गावात उतरता येईल, हे ज्ञान अशाच माणसांजवळ असे. शिवाय पाऊस सुरू होण्याआधी परतणे भाग होते, कारण पावसाळ्यात घाट निसरडे होत आणि समुद्रावरच्या होड्या बंद पडत.

१२/ येथेच आखणी फसली. नाणेघाट सोडून मंडळी चुकीच्या वाटेने एका अवघड घाटाला लागली. सरळसोट कड्यालगतची ती चढण वैद्याला भयंकर वाटली. ओझ्यासह चढणाऱ्या भोयांना काय वाटले असेल, ते सांगायला नको. सह्याद्रीच्या या पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर घाटवाटा आहेत. काही बैलांच्या, काही फक्त माणसांच्या. नकाशाशिवाय त्यांतली योग्य वाट निवडणे हे सर्वस्वी वाटाड्यावर अवलंबून होते.

१३/ जुन्नरला वैद्याची परीक्षाच झाली. जनानखान्यातील रुग्ण पडद्याआड, आणि नाडी पाहण्यासाठी बाहेर आला तो एका धडधाकट स्त्रीचा हात! हिला काही आजार नाही, असे फ्रायरने सांगितल्यावर मग खऱ्या रुग्णाचा हात पुढे करण्यात आला. जवळच शिवनेरी उभा होता. शिवाजी महाराजांचे हे जन्मस्थान त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकले नाही. ज्या सीमेमुळे फ्रायरचा प्रवास अवघड झाला, तिचा हा दुसरा काठ.

१४/ परतताना मात्र तो नाणेघाटाने उतरला आणि ही वाट त्याला पुष्कळच सोपी वाटली. ती सोपी होती, कारण दीड हजाराहून अधिक वर्षे तिच्यावर बैलांचे तांडे चालत होते. घाटमाथ्याच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे. शेजारचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी असे, असे परंपरा सांगते. खाली पाण्याची टाकी कोरलेली आहेत. मुक्काम, पाणी आणि परवाना या तिन्ही प्रश्नांची उत्तरे प्राचीन काळी येथे दगडात कोरून ठेवलेली होती.

१५/ कल्याणचे नशीब या वाटेशीच बांधलेले आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणच्या दात्यांचे उल्लेख येतात. म्हणजे तेव्हा येथील व्यापाऱ्यांजवळ दानापुरता पैसा होता. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ मात्र सांगतो की राजकीय संघर्षामुळे या बंदराचा व्यापार अडवला गेला होता आणि येथे आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. वाट खुली असली की कल्याण भरभराटीला येई. वाटेवर दोन सत्ता भिडल्या की ते ओस पडू लागे. फ्रायरने पाहिलेले अवशेष ही या जुन्या चक्राची एक फेरी होती.

१६/ पुढे चित्र बदलले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे पोर्तुगीजांकडून घेतले आणि १७७४ च्या अखेरीस ते इंग्रजांकडे गेले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर-ठाणे रेल्वे धावली. १ मे १८५४ रोजी खाडीवरचा पूल आणि डोंगरातील बोगदे ओलांडून ती कल्याणला पोहोचली. नाखव्याचा तिथीचा हिशोब सुटला आणि घड्याळाचे वेळापत्रक आले. भरतीची वाट न पाहता रोज ठरावीक वेळी कल्याण गाठता येऊ लागले. आजची दाट शहरे याच खात्रीवर वाढली.

१७/ खाडी मात्र तेथेच आहे. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने घोषित केलेल्या १११ जलमार्गांमध्ये कल्याण-ठाणे-मुंबई, वसई खाडी आणि उल्हास नदी हा जलमार्ग क्रमांक ५३ आहे. पुढच्या वेळी मुंब्र्याजवळ लोकलमधून पाणी दिसले, तर तिथी आठवून पाऊणपट करून पाहावी. १६७५ च्या उन्हाळ्यात एका नाखव्याने, जुन्नरला निघालेल्या वैद्याला होडीत घेण्यापूर्वी, बहुधा तोच हिशोब केला असेल.