देहाची इशारापातळी

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याचे दोन आकडे लहान मुलांसही पाठ असतात : ४० फुटांस इशारापातळी आणि ४५ फुटांस धोकापातळी. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्याही वर चढले. तेव्हापासून श्रावणात संततधार लागली की नदीकाठच्या पेठांतील माणसे पाण्याचा आकडा विचारू लागतात; आणि नदीपासून दूर, मिरजेच्या वाटेवर, विश्रामबागेत बिऱ्हाड केलेली माणसेही तो विचारतात. विचारताना घसा कोरडा पडतो, रात्रीची झोप चाळवते. विश्रामबागेच्या नावातच विसावा आहे. परंतु देह नावावर विसंबून राहत नाही.

इशारा आणि धोका यांत पाच फुटांचे अंतर ठेवण्यात मोठे शहाणपण आहे. त्या पाच फुटांच्या अवधीतच गुरे सोडावयाची, धान्य माळ्यावर चढवावयाचे, वृद्धांस सुरक्षित जागी हलवावयाचे. मनावरील ताण आणि चिंता यांचेही शरीरात असेच दोन टप्पे असतात काय, आणि असल्यास पहिला टप्पा ओळखण्याची विद्या आपल्या पूर्वजांस कितपत अवगत होती, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

दुसरा टप्पा त्यांस पूर्ण ठाऊक होता, यात शंका नाही. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपली अवस्था सांगतो ती प्रथम शरीराच्या भाषेत. गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंग कापते, रोमांच उभे राहतात, धनुष्य हातातून गळते, त्वचेचा दाह होतो, उभे राहवत नाही, मन भ्रमते. आजचा एखादा डॉक्टर ही लक्षणे फारसा फेरफार न करता आपल्या टिपणवहीत उतरून घेईल. श्रीकृष्णाचा उपदेश मागाहून येतो. देहाची तक्रार आधी येते. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरमहाराजांनी गीता मराठीत आणली तेव्हा अर्जुनाची ही अवस्थाही आपल्या भाषेत आली.

नाट्यशास्त्रकार भरताने तर स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव मोजून ठेवले. खिळून राहणे, घाम, शहारा, आवाज बदलणे, कंप, चेहरा उतरणे, डोळे भरणे आणि शुद्ध हरपणे, अशी ही यादी आहे. मन तल्लीन झाल्यावाचून हे भाव साधत नाहीत, असे तो बजावतो. इकडे वैद्यांचे लक्ष पोटाकडे होते. चरकसंहितेत अतिसाराचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत भयाने होणारा एक आणि शोकाने होणारा एक असे दोन स्वतंत्र मानले आहेत.

भरताची ही विद्या सांगलीस परकी नाही. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ येथेच रंगभूमीवर आणले, आणि मराठी नाटकाचा इतिहास आपण त्या वर्षापासून मोजतो. पुढे कित्येक पिढ्यांच्या प्रेक्षकांनी कापणारा स्वर आणि गळणारे हात दिव्यांच्या उजेडात पाहिले. मात्र रंगभूमीवरचा भाव शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही दिसेल एवढा ठळक करावा लागतो. घरातील माणसाच्या तळहाताला सुटलेला घाम शेजारी बसलेल्यासही दिसत नाही.

भाषेची साक्ष तर याहून मोठी आहे. मराठी माणूस भ्याला की त्याच्या पोटात गोळा उठतो, छातीत धस्स होते, तोंडचे पाणी पळते, हातपाय गळतात, अंगावर काटा येतो. चिंता जडली की अन्न गोड लागत नाही आणि डोळ्याला डोळा लागत नाही. हे वाक्प्रचार कोणा पंडिताने रचले नाहीत. अनामिक स्त्रीपुरुषांनी स्वतःच्या देहाकडे पाहून ते बोलून ठेवले. दैव असे की रोजच्या वापराने ते गुळगुळीत झाले. पोटात गोळा आला असे म्हणणाऱ्याच्या पोटात खरोखरच काही होत असेल, हा विचारच आपल्या मनात येत नाही.

इतिहासलेखनाचीही गत काहीशी अशीच आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव आणि भाऊसाहेब पडले. २३ जून रोजी नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीवर देह ठेवला. वय अवघे चाळीस. पुत्रशोकाने आणि बंधुशोकाने ते गेले, असे परंपरा सांगते. केवळ शोकानेच मृत्यू आला असे आज कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. अडीचशे वर्षांनंतर नाडी पाहता येत नाही. परंतु त्या एका वाक्यात मधले पाच महिने बुडून जातात, हे आम्हांस अधिक खटकते. लोकस्मृतीस शेवटचा महापूर आठवतो; पाणी बोटाबोटाने चढत होते तेव्हाचे दिवस आठवत नाहीत.

हे चढते पाणी मोजण्याचे काम गेल्या दीडशे वर्षांत झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या सैनिकांत छातीत धडधड, दम लागणे आणि थकवा यांच्या तक्रारी फार होत्या. डा कोस्टा नामक वैद्याने अशा तीनशेंवर रुग्णांचा अभ्यास १८७१ साली प्रसिद्ध केला. त्याने कारण मुख्यतः श्रम आणि ज्वर यांत शोधले, मनाकडे तो वळला नाही. तथापि हृदयात दोष सापडत नाही म्हणून सैनिकास कामचुकार ठरविले नाही, हा त्याचा मोठेपणा होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हार्वर्ड विद्यापीठात वॉल्टर कॅनन हा तरुण क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या पोटातील हालचाल पाहत होता. मांजर घाबरले किंवा चिडले की जठराची हालचाल थांबते, असे त्यास आढळले. १९१५ साली त्याने आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. संकट दिसताच मूत्रपिंडांवरील ग्रंथींतून एक रस रक्तात उतरतो. हृदय वेगाने चालते, रक्त त्वचा आणि पोट यांकडून स्नायूंकडे वळते, आणि प्राणी झुंजण्यास अथवा पळण्यास सिद्ध होतो. चेहरा पांढरा का पडतो, अन्न गोड का लागत नाही, याचा उलगडा येथे होतो. १९३६ साली माँट्रियल येथील हान्स सेल्ये याने उंदरांवरील प्रयोगांवरून दाखविले की थंडी, जखम, अतिश्रम अशी कारणे भिन्न असली तरी देहाचा प्रतिसाद पुष्कळसा एकच असतो; आणि संकट हटले नाही तर देह प्रथम सावध होतो, मग तग धरतो, शेवटी खचतो.

यातील मधला टप्पा सर्वांत फसवा आहे, कारण तग धरलेला माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. आमच्या मते इशारापातळी शोधावयाची ती येथेच. मान आणि खांदे नकळत आवळलेले राहतात. झोपेत दात आवळल्याने सकाळी जबडा दुखतो. श्वास वरच्यावर घेतला जातो. झोप लवकर लागली तरी पहाटे तीनला मोडते. जेवण तेच, पण पोट बिघडते. क्षुल्लक गोष्टीवरून तोंडाचा तोल जातो. यातील एखादे लक्षण एखाद्या दिवशी कोणासही असावयाचे; दोनचार एकत्र येऊन आठवडेच्या आठवडे राहिली तर नदी चढते आहे असे समजावे. मात्र सर्वच दोष मनाच्या माथी मारू नये. गलग्रंथीचा विकार, रक्तक्षय आणि हृदयरोग यांतही धडधड आणि थकवा असतो. छातीत कळ आल्यास तर विलंब न लावता डॉक्टर गाठावा.

आपल्या कुटुंबांत ही लक्षणे दिसत नाहीत असे नाही, ती गैर नावांनी ओळखली जातात. सुनेची डोकेदुखी ही ढोंग ठरते, कर्त्या पुरुषाचा संताप हा स्वभाव ठरतो, आजोबांचे जागरण हे वय ठरते. विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि अभियांत्रिकीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आहे. तेथे शिकून गेलेल्या कित्येक पिढ्यांतील मुलामुलींची भूक परीक्षेच्या सकाळी पळाली असेल, आणि त्यांस भित्रट म्हणणारे वडीलही पिढ्यान्‌पिढ्या झाले असतील. ज्या अर्जुनाची गात्रे गळाली, त्यास महाभारतात कोणी कायमचा भित्रा म्हणून सोडून दिले नाही. त्याचे सर्व म्हणणे प्रथम ऐकून घेतले गेले.

तेव्हा ताटावरून कोणी अर्ध्या जेवणावर उठले, तर ‘नखरे पुरेत’ म्हणण्याआधी झोप कशी लागते एवढे विचारावे. पुष्कळदा त्या प्रश्नानेच माणूस बोलता होतो आणि भार हलका होतो. न झाल्यास तज्ज्ञाकडे नेण्यास पुरेसा अवधी हाती राहतो. पूर्वजांनी देहाची बोली शब्दांत जपून ठेवली. ती वेळेवर ऐकण्याचे काम आपले आहे.