तारेतून सूर जात नाही

साल असेल 1994 किंवा 95. नुकताच बी.ए. होऊन मी कविता करत गावात हिंडत होतो. माझे मामू एका ऑर्केस्ट्रात अकॉर्डियन वाजवत. गणपतीत, उरुसात, लग्नात कार्यक्रम असत. अकरा वादक होते. एका संध्याकाळी तालमीला नवा कीबोर्डवाला आला. त्याच्याकडे एकावर एक मांडलेले दोन कीबोर्ड, आणि मधे एक काळी तार. तो वरच्यावर बोटं फिरवी आणि खालचा, ज्याला कुणी हात लावला नव्हता, तो व्हायोलिनच्या ताफ्यासारखा वाजे. मामू बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "या तारेतून सूर जातो का रे?"

"नाही मामू," तो म्हणाला, "कुठली पट्टी दाबली, एवढंच जातं."

तेव्हा त्याचा अर्थ ना त्यांना लागला, ना मला. पुढे मी तो वाचून काढला, तीच हकिकत आज सांगायची आहे.

1980च्या सुमारास सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपन्यांची अवस्था शेजारी राहून न बोलणाऱ्या भावांसारखी होती. कुणी एका सप्तकाला एक व्होल्ट असा हिशेब धरी, कुणी वेगळाच. एकाचं वाद्य दुसऱ्याच्या वाद्याला जोडता येत नसे. जपानच्या रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांना हे खटकत होतं. हा माणूस 1930 साली ओसाकात जन्मला, लहानपणीच पोरका झाला, घड्याळं दुरुस्त करू लागला, मग रेडिओ. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. 1981 साली त्यांनी अमेरिकेतल्या वाद्यनिर्मात्यांकडे विषय काढला. कॅलिफोर्नियातल्या सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी तो उचलून धरला. त्याच वर्षी स्मिथ आणि त्यांचे सहकारी चेट वुड यांनी ध्वनिअभियंत्यांच्या परिषदेत एका सामाईक जोडणीचा आराखडा मांडला. नंतर यामाहा, कॉर्ग, कावाई याही कंपन्या चर्चेत आल्या. एरवी हे सगळे एकमेकांचे प्रतिस्पर्धी!

जानेवारी 1983 मध्ये अनाहाइमच्या वाद्यप्रदर्शनात स्मिथ यांचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6 एका तारेनं जोडले गेले. एकावर वाजवलं, दुसरा बोलला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नियमावली छापून आली. नाव पडलं 'मिडी', म्हणजे म्युझिकल इन्स्ट्रुमेंट डिजिटल इंटरफेस.

आता मामूंच्या प्रश्नाकडे येऊ. पट्टी दाबली की तारेतून तीन आकडे जातात. सोळा वाटांपैकी कुठल्या वाटेनं काय करायचं, हा पहिला. कुठली पट्टी, हा दुसरा. पियानोवरच्या मधल्या 'सी'ला 60 म्हणायचं असं ठरलेलं आहे. किती जोरात दाबली, हा तिसरा. तो 1 ते 127 मधला. तिन्ही आकडे पोचायला सेकंदाचा जेमतेम हजारावा भाग लागतो. बोट उचललं की पुन्हा निरोप जातो. आवाज कसा काढायचा, हे ज्याला निरोप मिळाला त्यानं ठरवावं. टेपरेकॉर्डरला असायची तसलीच पाच पिनांची साधी जोडणी त्यांनी निवडली, आणि तिच्यातल्या तीनच पिना वापरल्या. मला सर्वांत आवडलेला भाग पुढेच आहे. तार दुसऱ्या वाद्यात शिरते तिथे विजेचा थेट संबंध तोडलेला असतो. आत एक बारीकसा दिवा लुकलुकतो, समोरचा डोळा तो पाहतो आणि निरोप पुढे जातो. घरघर येऊ नये म्हणून केलेली ही तजवीज आहे. पण निरोप शेवटचं अंतर उजेडावर स्वार होऊन जातो, ही कल्पना मला एखाद्या शायराला सुचावी अशी वाटते.

या शोधावर त्यांनी वापराचं शुल्क लावलं नाही. कुणीही घ्यावा आणि वापरावा. म्हणूनच तो जगभर पसरला आणि आमच्या गावापर्यंत आला.

उणीवही सांगायला हवी. पट्ट्यांना आकडे दिले, पण दोन पट्ट्यांच्या मधल्या श्रुतींचं काय? मींडेचं काय? याच कारणासाठी हार्मोनियमला 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर बंदी होती, हे इथेच बसून सांगताना मला थोडी गंमत वाटते. मिडीत सूर वाकवण्याची सोय आहे, पण जुन्या पद्धतीत एका वाटेवरचे सगळे सूर एकदमच वाकतात. प्रत्येक सुराला स्वतःची वाट देणारी रीत 2018 साली अधिकृत झाली. 2020 साली मिडीची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात आकडे पुष्कळ बारीक झाले. तरी पहिली अजून चालतेच आहे.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी गोव्याचे वादक कागदावरची स्वरलिपी वाचून वाजवत. एकेका गाण्याला वादकांचा मोठा ताफा बसे. तो कागदही एक निरोपच होता, पण तो वाचायला माणसं लागत, आणि त्यांची चूल त्यावर पेटे. तारेतला निरोप वाचायला माणूस लागत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रातले अकराचे वर्षभरात पाच झाले. मामू त्या पाचांत नव्हते. कीबोर्डवाल्यानं त्यांना हे सांगितलं तेव्हा त्याची मान खाली होती. पोरगा वाईट नव्हता.

2013 साली काकेहाशी आणि स्मिथ यांना या कामासाठी ग्रॅमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. मी मामूंना ती बातमी वाचून दाखवली. तेव्हा ते घरी मुलांना पेटी शिकवत असत.

"म्हणजे याचे पैसे नाही घेतले त्यांनी?"

"नाही घेतले."

"भले लोक दिसतात," मामू म्हणाले. मग मला म्हणाले, "ती खिडकी लाव, भात्याला दमट हवा चालत नाही."