परसातील कोंबड्या, शेजाऱ्यांचे वाळवण आणि गल्लीतला वाद

परसातील दहा-बारा कोंबड्यांचे अर्थकारण मोकळ्या चरण्यावर उभे असते. पूर्ण वाढलेली कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. मोकळी फिरणारी कोंबडी त्यातला मोठा वाटा किडे, गवताचे बी, खरकटे आणि उकिरड्यावरून मिळवते, म्हणून तिला वरून ४० ते ५० ग्रॅम धान्य पुरते. कायमची कोंडली, तर दहा कोंबड्यांना रोज किलोभराहून जास्त खाद्य घालावे लागते आणि अंड्यांचे उत्पन्न त्यातच जाते. तेव्हा ‘कोंबड्या बंद ठेवा’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला हे गणित ठाऊक नसते. पण तुमच्या कोंबड्या जे चरतात त्यातले काही त्याच्या अंगणातले असते, हे आपणही सोयीस्करपणे विसरतो.

सातारा, सांगली पट्ट्यात गावठाणाला लागून प्लॉट पडले, घरे दाटली. सातारा नगरपालिकेची हद्द २०२० मध्ये वाढली, तेव्हा शाहूपुरी, विलासपूरसारखा भाग शहरात आला. हद्द बदलली तरी परडे आणि खुराडे तेच राहिले. शेजारी मात्र नवा आला.

वाद पेटतो तो बहुतेक उन्हाळ्यात. फेब्रुवारीपासून शिजवलेली हळद खळ्यावर, अंगणात, ताडपत्रीवर दहा-पंधरा दिवस पडलेली असते. मागोमाग कुरडया, पापड, सांडगे, डाळी येतात. कोंबडी सांडगे टिपते, डाळ उकरते, हे डोळ्यांना दिसते. त्याहून मोठे नुकसान विष्ठेचे आहे. विष्ठेतून साल्मोनेलासारखे जिवाणू वाळवणात जातात आणि पूर्ण वाळलेल्या मालातही ते बराच काळ टिकतात. शेजारीण चिडते ती दोन सांडग्यांसाठी नाही, वर्षाचे वाळवण टाकून द्यावे लागते म्हणून.

यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वेळ बदलणे. बहुतेक कोंबड्या सकाळी, साधारण दहा-अकरापर्यंत अंडी घालतात. तोपर्यंत त्यांना खुराड्यात किंवा जाळीच्या आवारात ठेवावे, आत पेंढा घातलेली टोपली ठेवावी. दुपारी पाणी आणि थोडे धान्य देऊन आत सावलीतच राहू द्यावे. वाळवण उचलायची वेळ झाली, म्हणजे चारच्या सुमारास, सोडावे. दिवस मावळला की त्या आपोआप परततात. त्याच वेळी मूठभर धान्य टाकण्याची सवय लावली तर एकही मागे राहत नाही. चरायला दोन-अडीच तास मिळतात, त्यामुळे वरचे खाद्य थोडे वाढवावे लागते. पण अंडी शेजाऱ्याच्या कडब्यात जात नाहीत, आणि ‘अंडे कुणाचे’ हा वादही उरत नाही. वाळवणाचे दोन-तीन महिने एवढे पाळले तरी पुष्कळ झाले.

रात्रीच्या निवाऱ्याला प्रति पक्षी एक चौरस फूट जागा पुरते. दिवसभर ठेवायचे तर प्रति पक्षी निदान दहा चौरस फूट आवार हवे, नाहीतर एकमेकींची पिसे टोचतात. देशी कोंबडी चार-पाच फुटांचे कुंपण सहज उडते. तिच्या एकाच पंखाची बाहेरची लांब पिसे कात्रीने आखूड करावीत. दोन्ही पंखांची कापली तर तोल राहतो आणि ती पुन्हा उडू शकते. कोवळ्या, रक्त असलेल्या पिसाला हात लावू नये. अंथरलेले तूस कोरडे ठेवावे. ओली विष्ठा उन्हाळ्यात आठवड्याच्या आत काढून झाकावी, कारण माशीची एक पिढी तेवढ्यात तयार होते.

कोंबड्याच्या आरवण्याचा वाद वेगळा. पुण्यात सोमवार पेठेतील आरवणाऱ्या कोंबड्याविरुद्ध मे २०१९ मध्ये पोलिसांत अर्ज गेला होता. केरळात अडूर येथे अशाच तक्रारीवर २०२५ मध्ये महसूल अधिकाऱ्यांनी वरच्या मजल्यावरचा निवारा खाली, जागेच्या दुसऱ्या बाजूला हलवायला सांगितले. कोंबडे पाळायला बंदी घातली नाही. कोंबडा उजेड पाहून आरवतो हे अर्धेच खरे. नागोया विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की तो शरीरातल्या घड्याळानुसार पहाटेपूर्वीच सुरू होतो. म्हणून खुराड्यावर पोते टाकून आवाज दबतो, थांबत नाही. खायच्या अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्ले हवी असतील तर दहा कोंबड्यांमागे एक पुरे. बाकीचे पाच-सहा महिन्यांचे झाले की विकावेत आणि ठेवलेल्याची जागा शेजाऱ्याच्या खिडकीपासून लांब करावी.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. एका सकाळी चार कोंबड्या मेलेल्या दिसतात आणि लगेच शेजाऱ्याचे नाव येते. थांबा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, उन्हाळ्यात परसातील कळपच्या कळप संपवते. हिरवट पातळ हगवण, धापा टाकणे, मान वाकडी होणे, आणि मरतूक दोन-चार दिवस चालू राहणे ही त्याची लक्षणे. विषबाधेत धडधाकट पक्षी काही तासांत पडतात आणि गळ्याजवळच्या पिशवीत बहुधा एकाच प्रकारचे दाणे सापडतात. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री धरू नये. मेलेला पक्षी हातमोजे घालून पिशवीत बांधा, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर उघडा-कापायचा खटाटोप करू नका, बर्ड फ्लूची शक्यताही असते. विषच निघाले तर पोलिसांत तक्रार द्यावी. विष घालून प्राणी मारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. विषारी दाण्यांनी कुत्री, कावळेही मरतात आणि गल्लीत लहान मुले खेळत असतात.

राणीखेतची लस सगळ्या गल्लीने एकाच दिवशी द्यावी. लासोटाची बाटली बहुधा शंभर किंवा अधिक मात्रांची असते आणि एकदा विरघळवली की एक-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी ती फोडणे परवडत नाही, पाच घरांनी मिळून सहज परवडते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी, हे वेळापत्रक दवाखान्यातून पक्के करून घ्या.

तक्रार वर गेलीच तर एक माहीत असावे. कोंडवाड्याचा १८७१ चा कायदा गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरे, घोडे, गाढवे यांना लागू आहे, कोंबड्यांना नाही. शेजारी तुमची कोंबडी कोंडवाड्यात घालू शकत नाही, तशीच ती धरून ठेवून दंडही मागू शकत नाही. पण घाण, दुर्गंधी, सततचा त्रास असेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिका नोटीस देऊ शकते आणि सार्वजनिक उपद्रव असेल तर कार्यकारी दंडाधिकारी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली आदेश काढू शकतात. तिथपर्यंत जाण्याआधी गावातली तंटामुक्त समिती आहे. विस्तार कार्यकर्त्यांनी बैठक जानेवारीत, हळद खळ्यावर यायच्या आधी घ्यावी आणि तिथे तीनच गोष्टी लिहून घ्याव्यात: कोंबड्या सोडायची वेळ, लसीचा दिवस, आणि वाळवणाचे नुकसान झाले तर भरपाई काय.