उष्णकटिबंधातील स्कूबा पर्यटन

उष्णकटिबंधातील स्कूबा पर्यटन म्हणजे कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या दरम्यानच्या उबदार समुद्रांत, श्वसनासाठी हवेची टाकी सोबत घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या मुख्य हेतूने केलेला प्रवास होय. प्रवाळभित्ती, त्यांवरील जीवसृष्टी आणि बुडालेली जहाजे ही या पर्यटनाची प्रमुख आकर्षणे आहेत. भारतीय पर्यटकांसाठी मालदीव, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्स ही तुलनेने जवळची परदेशी स्थळे आहेत. महाराष्ट्रात या छंदाची पहिली ओळख अनेकांना सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण व तारकर्ली येथे होते. परदेशी स्थळाची निवड करताना त्याच्या प्रसिद्धीपेक्षा तेथील ऋतू, पाणबुड्याची पात्रता, सुरक्षेची व्यवस्था आणि प्रवाळांची स्थिती हे घटक अधिक निर्णायक ठरतात.

पार्श्वभूमी

जॅक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां या फ्रेंच संशोधकांनी १९४३ मध्ये 'ॲक्वा-लंग' हे उपकरण विकसित केले. पाणबुड्याला हव्या त्या वेळी, भोवतालच्या दाबाइतक्याच दाबाची हवा पुरवणाऱ्या या उपकरणामुळे किनाऱ्याशी वा नौकेशी जोडलेल्या नळीची गरज उरली नाही. पुढे प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. सीमास (१९५९), नावी (१९६०), पाडी (१९६६) आणि एसएसआय (१९७०) या त्यांपैकी प्रमुख होत. त्यांची प्रमाणपत्रे जगभर स्वीकारली जात असल्याने एका देशात शिकलेली व्यक्ती दुसऱ्या देशात पाण्याखाली उतरू शकते. हौशी स्कूबा पर्यटन जगभर पसरण्यामागे ही परस्परमान्यता हे महत्त्वाचे कारण आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात. १९८७ मध्ये येथे सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्राचे सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था उभारली असून तेथे प्रशिक्षणासाठी स्वतंत्र तलाव आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर 'आंग्रिया बँक' हे प्रवाळयुक्त जलमग्न पठार आहे. त्यास मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्यावरून नाव मिळाले आहे.

मालवण परिसरातील बहुसंख्य पर्यटक प्रशिक्षकाच्या हाताला धरून काही मिनिटे पाण्याखाली जातात. हा केवळ अनुभव असतो. त्यातून प्रमाणपत्र मिळत नाही. असा अनुभव कितीही वेळा घेतला, तरी परदेशातील स्थळी स्वतंत्र पाणबुडा म्हणून प्रवेश मिळत नाही. कर्ली नदी व इतर खाड्यांतून येणाऱ्या गाळामुळे येथील किनाऱ्यालगतच्या पाण्यातील दृश्यमानता मर्यादित असते. मालदीवसारख्या कंकणाकृती प्रवाळद्वीपांवर नद्याच नसल्याने तेथील पाणी अधिक नितळ असते.

भारतात गोव्याजवळील ग्रँड बेट, कर्नाटकात मुर्डेश्वरजवळील नेत्राणी, लक्षद्वीप आणि अंदमानातील स्वराज द्वीप (पूर्वीचे हॅवलॉक) येथेही स्कूबा डायव्हिंग केले जाते. परदेशी सहलीपूर्वी प्रमाणपत्राचे प्रशिक्षण यांपैकी एखाद्या ठिकाणी पूर्ण केल्यास सहलीचे मोजके दिवस प्रशिक्षणात खर्च होत नाहीत.

ऋतू

कोकण किनाऱ्यावर मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा हाच काळ मध्य व पूर्व इंडोनेशियाच्या अनेक भागांत मात्र कोरडा असतो. एकाच देशाच्या दोन किनाऱ्यांचा हंगामही परस्परविरुद्ध असू शकतो. त्यामुळे केवळ देश निश्चित करणे पुरेसे नसते. किनारा आणि महिना यांचा एकत्र विचार करावा लागतो. महाराष्ट्रातील नेहमीच्या सुट्ट्यांच्या संदर्भात हे चित्र पुढीलप्रमाणे दिसते.

• दिवाळी : थायलंडच्या पश्चिमेकडील अंदमान समुद्रातील सिमिलान बेटे ऑक्टोबरच्या मध्यानंतर खुली होतात. त्याच वेळी पूर्वेकडील थायलंडच्या आखातात, कोह ताओ परिसरात, पावसाचा जोर वाढतो.
• नाताळ व जानेवारी : श्रीलंकेचा पश्चिम किनारा, विशेषतः हिक्कडुवा व कोलंबो परिसर, या काळात अनुकूल असतो. मलेशियाची पर्हेंशियन बेटे मात्र ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे साधारणतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जवळपास बंद असतात.
• उन्हाळी सुट्टी : मालदीवमध्ये जानेवारी ते एप्रिल हा शांत व नितळ पाण्याचा काळ असतो. फिलिपिन्समधील टुबाटाहा प्रवाळभित्तीवर सुमारे मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच जाता येते. सिमिलान बेटे मेच्या मध्यात बंद होतात.
• पावसाळा : श्रीलंकेचा पूर्व किनारा (त्रिंकोमाली) आणि इंडोनेशियातील बाली येथे कोकणातील पावसाळ्याच्या काळात समुद्र अनुकूल असतो.

पात्रता आणि खोली

समुद्रात प्रत्येक दहा मीटर खोलीमागे दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. त्यामुळे खोलीनुसार हवा अधिक वेगाने संपते आणि शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनचे प्रमाणही वाढते. प्राथमिक 'ओपन वॉटर' प्रमाणपत्रधारकासाठी १८ मीटर, 'ॲडव्हान्स्ड' प्रमाणपत्रधारकासाठी ३० मीटर आणि हौशी डायव्हिंगसाठी एकंदर ४० मीटर ही प्रचलित मर्यादा आहे. मालदीवमध्ये हौशी पाणबुड्यांसाठी ३० मीटरची मर्यादा नियमानेच घातलेली आहे.

स्थळाची काठिण्यपातळी केवळ खोलीवर अवलंबून नसते. मालदीवमधील प्रवाळद्वीपांच्या खिंडी आणि इंडोनेशियातील कोमोडो परिसर जोरदार प्रवाहांसाठी ओळखले जातात. तेथे शार्क व मांटा रे यांसारखे मोठे प्राणी दिसण्याची शक्यता अधिक असली, तरी नवशिक्यांसाठी तो समुद्र कठीण असतो. याउलट कोह ताओ हे प्रशिक्षणाचे मोठे केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे.

बुडालेल्या जहाजांतही असाच फरक आढळतो. बालीतील तुलांबेन येथील 'लिबर्टी' हे अमेरिकी मालवाहू जहाज जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीच्या हल्ल्यात निकामी होऊन किनाऱ्यास लावण्यात आले होते. १९६३ मधील आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळी ते समुद्रात सरकले. त्याचा वरचा भाग उथळ पाण्यात असून तेथे किनाऱ्यावरून चालत जाऊन उतरता येते. श्रीलंकेतील बट्टिकलोआजवळ ९ एप्रिल १९४२ रोजी बुडालेली ब्रिटिश विमानवाहू नौका 'हर्मिस' मात्र ५० मीटरहून अधिक खोलीवर आहे. ती हौशी पाणबुड्यांच्या मर्यादेबाहेर असून तेथे विशेष तांत्रिक प्रशिक्षण आवश्यक असते.

काही स्थळांना वेगळे निर्बंधही लागू असतात. मलेशियातील सिपादान येथे दैनंदिन परवान्यांची संख्या मर्यादित आहे. मांटा रे मोठ्या संख्येने जमणाऱ्या मालदीवमधील हनिफारू उपसागरात स्कूबा डायव्हिंगला परवानगी नाही. तेथे केवळ पृष्ठभागावरून, म्हणजे स्नॉर्केलने पाहता येते.

सुरक्षितता

परतीचा प्रवास

पाण्याखाली शरीरात साठलेला नायट्रोजन बाहेर पडण्यापूर्वीच भोवतालचा दाब कमी झाल्यास त्याचे बुडबुडे तयार होऊन विसंपीडन विकार उद्भवू शकतो. सांधेदुखी, बधिरता, तोल जाणे ही त्याची लक्षणे असून गंभीर स्वरूपात तो पक्षाघातास किंवा मृत्यूस कारणीभूत ठरू शकतो. त्यामुळे एकच साधी बुडी मारली असल्यास किमान १२ तास, तर एका दिवसात अनेक किंवा सलग अनेक दिवस बुड्या मारल्या असल्यास किमान १८ तास विमानप्रवास करू नये, अशी शिफारस आहे. अनेक प्रशिक्षक २४ तासांचे अंतर सुचवतात. सहलीचा शेवटचा दिवस कोरडा ठेवण्याची प्रथा यातूनच रूढ झाली आहे.

हा धोका विमानापुरता मर्यादित नाही. विमानप्रवासाविषयीच्या शिफारशी सुमारे ६०० मीटरपासून पुढच्या उंचीशी निगडित आहेत. तुलांबेनहून बालीच्या अंतर्भागाकडे जाणारा किंतामणीचा रस्ता सुमारे १,५०० मीटर उंचीवरून जातो. मालवणहून आंबोली घाटमार्गे देशावर परतताना सुमारे ६९० मीटर उंची गाठली जाते. उथळ पाण्यातील एका अल्पकालीन अनुभवानंतर हा धोका कमी असतो. मात्र दिवसभर अनेक बुड्या मारल्यानंतर त्याच संध्याकाळी घाट चढणे टाळणे श्रेयस्कर मानले जाते.

नौका

पाण्याखालील धोक्यांइतकेच महत्त्व नौकेच्या सुरक्षेला आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इजिप्तच्या मर्सा आलम परिसरात 'सी स्टोरी' ही पाणबुड्यांची निवासी नौका बुडून जीवितहानी झाली. जीवरक्षक जाकिटे, बाहेर पडण्याचे दोन स्वतंत्र मार्ग, रात्रीचा पहारा, प्राणवायूची टाकी आणि संपर्कयंत्रणा यांची चौकशी नौकेचे आरक्षण करण्यापूर्वी करणे आवश्यक असते.

वैद्यकीय तयारी

दमा, अपस्मार, हृदयविकार, कानाचे व फुप्फुसाचे विकार असल्यास वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो. प्रशिक्षणापूर्वी भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्यविषयक प्रश्नावलीत माहिती लपवणे जिवावर बेतू शकते. विसंपीडन विकारावरील उपचार उच्चदाब प्राणवायू कक्षात केले जातात. दूरच्या बेटांवर असा कक्ष जवळ नसल्यास रुग्णाला हलवण्याचा खर्च मोठा असतो. सर्वसाधारण प्रवास विम्यांपैकी अनेकांतून स्कूबा डायव्हिंग वगळलेले असते किंवा त्यास खोलीची अट असते. त्यामुळे पाणबुड्यांसाठीचा स्वतंत्र विमा घेतला जातो.

पर्यावरण

समुद्राचे तापमान दीर्घकाळ नेहमीपेक्षा अधिक राहिल्यास प्रवाळ आपल्या पेशींतील शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. या प्रक्रियेस प्रवाळ विरंजन म्हणतात. १९९८ मधील विरंजनात मालदीवच्या उथळ भागांतील बहुतांश प्रवाळ नष्ट झाले. २०१६ मध्ये तेथे पुन्हा मोठे विरंजन झाले. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. त्यामुळे जुन्या छायाचित्रांवरून किंवा वर्णनांवरून एखाद्या प्रवाळभित्तीच्या सद्यस्थितीचा अंदाज बांधता येत नाही.

पर्यटकांच्या संख्येचाही प्रवाळांवर ताण पडतो. पायातील पंखांचा धक्का, नांगराचा आघात आणि प्रवाळांना केलेला स्पर्श यांमुळे अनेक वर्षांची वाढ क्षणात मोडते. थायलंडने २०२१ मध्ये आपल्या सागरी राष्ट्रीय उद्यानांत प्रवाळांना हानिकारक रसायने असलेल्या सनस्क्रीनच्या वापरावर बंदी घातली. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'ग्रीन फिन्स' उपक्रमात सहभागी डायव्हिंग केंद्रे ठरावीक आचारसंहिता पाळतात. पाण्यात तरंगण्यावर पुरेसे नियंत्रण असलेल्या पाणबुड्याकडून कमी हानी होते. त्यामुळे नाजूक व दूरच्या प्रवाळभित्तींवर जाण्यापूर्वी साध्या स्थळी सराव करणे हे व्यक्तीच्या सुरक्षेइतकेच प्रवाळांच्या संरक्षणासाठीही आवश्यक मानले जाते.