रिपीटर (आल्बम)

रिपीटर हा फुगाझी या अमेरिकन पोस्ट-हार्डकोर बँडचा पहिला स्टुडिओ आल्बम आहे. वॉशिंग्टन डी.सी. येथील डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स या स्वतंत्र कंपनीने तो एप्रिल १९९० मध्ये प्रकाशित केला. आल्बममध्ये ११ रचना असून त्यांचा एकूण कालावधी सुमारे ३५ मिनिटे आहे. ग्राहकवृत्ती, व्यसन आणि शहरी हिंसाचार हे त्याचे प्रमुख विषय होत. बाजारपेठेवर टीका करणारा हा आल्बम स्वतः बाजारात कसा आणला गेला, ही बाबही त्याच्या संगीताइतकीच महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

१९८०च्या दशकाच्या आरंभी वॉशिंग्टनमध्ये हार्डकोर पंक हा अतिवेगवान, आक्रमक संगीतप्रकार रुजला. मायनर थ्रेट हा त्यातील प्रमुख बँड होता. त्याचे गायक इयन मॅकाय यांनी जेफ नेल्सन यांच्यासह १९८० मध्ये डिस्कॉर्डची स्थापना केली होती. पुढे मैफलींतील मारामाऱ्या आणि संगीतातील तोचतोपणा यांना कंटाळून अनेक वादक वेगळ्या वाटा शोधू लागले. हार्डकोरची तीव्रता कायम ठेवून लय व रचना यांबाबत अधिक मोकळीक घेणाऱ्या या संगीतास पुढे पोस्ट-हार्डकोर हे नाव मिळाले. या टप्प्यावरील राइट्स ऑफ स्प्रिंग या बँडमधून गाय पिचोटो आणि ड्रमवादक ब्रेंडन कँटी फुगाझीत आले. मॅकाय आणि बासवादक जो लॅली हे उर्वरित दोन सदस्य. बँडने आपला पहिला जाहीर कार्यक्रम सप्टेंबर १९८७ मध्ये केला. व्हिएतनाम युद्धातील अमेरिकन सैनिकांच्या बोलीत पार बिघडलेल्या परिस्थितीला 'फुगाझी' म्हणत. तोच शब्द बँडने नाव म्हणून घेतला.

१९८९ मधील '१३ साँग्ज' हा संग्रह रिपीटरच्या आधीचा असल्याने तोच पहिला आल्बम होय, असा समज आढळतो. प्रत्यक्षात तो बँडच्या आधीच्या दोन लघुध्वनिमुद्रिकांचे संकलन आहे.

ध्वनिमुद्रण

ध्वनिमुद्रण १९८९ मध्ये व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथील इनर इअर स्टुडिओत झाले. डॉन झिएंटारा यांनी आपल्या घराच्या तळघरात सुरू केलेला हा स्टुडिओ वॉशिंग्टनच्या पंक चळवळीचे जणू माहेरघरच होता. निर्माते टेड नाइसली त्या काळात पाककलेचे शिक्षण घेत असल्याने कामाच्या वेळा त्यांच्या वर्गांनुसार ठरवाव्या लागत.

संगीत

सुरुवातीला पिचोटो प्रामुख्याने गायक होते. रिपीटरच्या सुमारास ते पूर्णवेळ गिटारही वाजवू लागले आणि बँडची घडणच बदलली. मॅकाय यांच्या गिब्सन गिटारच्या भरीव नादाला पिचोटो यांच्या रिकनबॅकरचा धारदार स्वर छेद देतो. दोन्ही गिटार एकच सूर दुप्पट मोठा करत नाहीत; त्या एकमेकींना प्रश्न विचारतात, अडवतात. गाण्याचा कणा पुष्कळदा लॅली यांच्या बासवर उभा असतो, आणि त्यात रेगे व डब संगीताचा प्रभाव जाणवतो. हार्डकोरमध्ये दुर्मीळ असलेली शांतता येथे मुद्दाम वापरली आहे. 'टर्नओव्हर' हे पहिलेच गीत हळूहळू वर चढत जाते, तर 'शट द डोर' या अखेरच्या गीतात दीर्घ, दबलेल्या भागांनंतर आवाजाचा स्फोट होतो. 'ब्रेंडन नंबर १' ही शब्दविरहित रचना आहे. 'रिप्रोव्हिजनल' ही 'प्रोव्हिजनल' या जुन्या गीताची नवी मांडणी आहे.

आशय

त्या वर्षांत क्रॅक कोकेनच्या व्यापारामुळे वॉशिंग्टनमधील खुनांचे प्रमाण देशातील मोठ्या शहरांमध्ये सर्वाधिक झाले होते. शीर्षकगीताच्या मागे हीच पार्श्वभूमी आहे: रोजचे मृत्यू आकड्यांत जमा होतात आणि ऐकणाऱ्याचे मन बधिर होते. 'शट द डोर' व्यसनातून ओढवलेल्या मृत्यूविषयी आहे. 'मर्चंडाइज', 'ग्रीड' आणि 'ब्लूप्रिंट' ही गीते खरेदीतून स्वतःची ओळख घडवण्याच्या सवयीवर बोट ठेवतात. यांपैकी 'ग्रीड' काहीसे घोषणेसारखे वाटते. पिचोटो यांची शब्दरचना तुलनेने अधिक गूढ, म्हणून पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटणारी आहे.

वितरण आणि प्रभाव

'मर्चंडाइज'सारखे गीत गाणाऱ्या बँडने स्वतःच्या नावाचे टी-शर्ट विकले असते, तर गाणे तिथेच फोल ठरले असते. फुगाझीने ते कधीच विकले नाहीत. परिणामी इतरांनी परस्पर टी-शर्ट छापले. त्यांतील एकावर तर 'हा फुगाझीचा टी-शर्ट नव्हे' असाच मजकूर होता. मैफलींचे तिकीट शक्यतो ५ डॉलर ठेवले जाई आणि सर्व वयोगटांना प्रवेश असावा, असा बँडचा आग्रह असे. त्यामुळे मद्यविक्रीवर चालणाऱ्या क्लबांऐवजी अनेकदा चर्चची सभागृहे व समाजमंदिरे शोधावी लागत. विक्री मुख्यतः अखंड दौरे आणि श्रोत्यांची परस्पर शिफारस यांवर अवलंबून होती. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्ध सुरू होण्याच्या काही दिवस आधी, बँडने व्हाइट हाउससमोरील लाफाएट चौकात निषेध मैफल केली.

सीडी आवृत्तीत '३ साँग्ज' या लघुध्वनिमुद्रिकेतील गीतांची भर पडून एकूण रचना १४ झाल्या. त्यानंतरचा आल्बम 'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' १९९१ मध्ये आला. निर्वाणाच्या यशानंतर मोठ्या कंपन्यांनी पर्यायी बँडना करारबद्ध करण्याची चढाओढ सुरू केली, तरी फुगाझीचे सर्व आल्बम डिस्कॉर्डकडूनच निघाले. बँडची शेवटची मैफल नोव्हेंबर २००२ मध्ये लंडन येथे झाली. २०११ पासून डिस्कॉर्डने बँडच्या शेकडो मैफलींची ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर उपलब्ध केली असून, प्रत्येकीची सुचवलेली किंमत ५ डॉलरच आहे.